पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

पश्चात्ताप : पापाबद्दल मनापासून दुःख होऊन माणसाने देवाकडे परत फिरणे, हा ख्रिस्ती श्रद्धेतील पश्चात्तापाचा अर्थ. मराठी शब्दात मागाहून होणारा ताप, मनाची जळजळ, तेवढी ऐकू येते. बायबलच्या मूळ भाषांतले शब्द त्यापुढे जातात. हिब्रू ‘शूब’ म्हणजे माघारी वळणे. ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात, १:१५) येशूच्या प्रचाराची सुरुवातच ‘पश्चात्ताप करा’ या हाकेने होते.

नुसती टोचणी आणि पश्चात्ताप यांतला फरक येशूचे शिष्य यहूदा इस्कर्योत व पेत्र यांच्या कथांतून जसा कळतो तसा व्याख्येतून कळत नाही. येशूला पैशांसाठी शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदाला चूक उमगली. निर्दोष माणसाला धरून दिल्याचे त्याने कबूल केले, चांदीची तीस नाणीही परत केली. पण तो गेला याजकांकडे, येशूकडे नाही, आणि शेवटी त्याने गळफास घेतला. शुभवर्तमानकार मत्तयाने त्याच्यासाठी (२७:३) ‘मेटानोइया’च्या कुळातले क्रियापद न वापरता खंत दाखवणारे दुसरे वापरले आहे. पेत्राने येशूला तीनदा नाकारले, कोंबडा आरवताच तो ढसाढसा रडला, आणि पुढे त्याच येशूसमोर येऊन उभा राहिला. कोणाचे दुःख मोठे हे सांगता येत नाही; कोण कुठे वळला ते दिसते.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) संपत्ती उडवून घरी परतणाऱ्या मुलाने मनात जुळवलेले शब्द पुरे होण्याआधीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. क्षमा ही पश्चात्तापाची मजुरी नव्हे, कृपा आहे, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. तरी पश्चात्तापाला फळ यावे लागते. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेले चौपट फेडण्याचे कबूल केले (लूक १९). ज्याचे नुकसान केले त्याला विसरून देवाकडे मागितलेली क्षमा या कथेपुढे तोकडी वाटते.

कॅथलिक परंपरेत मनस्ताप, धर्मगुरूजवळ पापनिवेदन आणि प्रायश्चित्त असा हा संस्कार आहे. गोव्यात पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतात. चौथ्या लॅटरन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने) १२१५ मध्ये ते वर्षातून एकदा तरी करणे बंधनकारक केले. ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये देवावरील प्रेमातून येणारा मनस्ताप पूर्ण, तर शिक्षेच्या भीतीतून येणारा अपूर्ण मानला. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की, श्रद्धावंताचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे.

महाराष्ट्रात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुली रडत आपली पापे कबूल करू लागल्या, आणि त्यांच्या प्रार्थना तासन्‌तास चालत.