ग्रहाची मानवी वसतियोग्यता

माणसाला उघड्या हवेत, कृत्रिम आवरणाचा आधार न घेता, पिढ्यान्‌पिढ्या राहता येईल अशी परिस्थिती एखाद्या ग्रहावर असणे, याला त्या ग्रहाची मानवी वसतियोग्यता म्हणतात. ग्रहावर कोणत्याही प्रकारची जीवसृष्टी असू शकणे ही याहून पुष्कळ व्यापक कल्पना आहे. या दोन कल्पनांची गल्लत लोकप्रिय लेखनात वारंवार होत असल्यामुळे त्या येथे कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. समुद्रतळाशी असलेल्या उष्ण झऱ्यांतही सूक्ष्मजीव वाढतात. माणसाच्या गरजा मात्र फार अरुंद मर्यादांत बसणाऱ्या आहेत. पृथ्वीचे वय सु. ४५४ कोटी वर्षे मानले जाते आणि त्यातील बहुतांश काळ तिची हवा माणसाला श्वास घेण्याजोगी नव्हती. त्यामुळे ग्रह ताऱ्यापासून किती अंतरावर आहे याइतकाच त्याच्या हवेचा इतिहास काय आहे हाही प्रश्न या विषयात निर्णायक ठरतो.

वसतियोग्य पट्टा : ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागी पाणी द्रवरूपात टिकू शकते, त्या ताऱ्याभोवतीच्या प्रदेशाला वसतियोग्य पट्टा म्हणतात. सू-शू ह्वांग यांनी १९५९ च्या सुमारास या कल्पनेला व्यवस्थित रूप दिले. १९७० च्या दशकाअखेर मायकेल हार्ट यांनी गणिती प्रतिकृतींच्या आधारे हा पट्टा अतिशय चिंचोळा असल्याचे मत मांडले होते. ते आता मागे पडले आहे. जेम्स कास्टिंग व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सूर्याभोवतीच्या पट्ट्याची सावध मर्यादा ०.९५ ते १.३७ ज्योतिषशास्त्रीय एकक (पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर म्हणजे १ एकक) अशी दिली, तर २०१३ च्या सुधारित गणितानुसार ती सु. ०.९९ ते १.७ एकक अशी येते. आतली कड पृथ्वीच्या इतकी जवळ आली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हार्ट यांचा पट्टा अरुंद येण्याचे मुख्य कारण म्हणजे त्यांच्या गणितात खडकांच्या झिजेमुळे होणारे तापमानाचे नियमन धरलेले नव्हते. वॉकर, हेज व कास्टिंग यांनी १९८१ मध्ये ही उणीव भरून काढली. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सिलिकेटी खडक कुजवतो, त्यातील कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जाते आणि तेथे कार्बोनेट तयार होते. भूपट्टांच्या हालचालींमुळे हे कार्बोनेट पृथ्वीच्या पोटात गेल्यावर तापते आणि ज्वालामुखींवाटे तोच वायू परत हवेत येतो. ग्रह थंड झाला की खडकांची झीज मंदावते, वायू साठत जातो आणि ऊब वाढते. ग्रह तापला की याच्या उलट घडते. गोव्याच्या पठारांवरून घरबांधणीसाठी काढला जाणारा जांभा हा अशा झिजेचाच अवशेष आहे : मुसळधार पावसाने मूळ खडकातील सिलिका व कॅल्शियम धुऊन नेल्यावर लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखाशी मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या (एक प्रकारच्या खाद्य शिंपल्यांच्या) शिंपांत नद्यांनी आणलेले कॅल्शियम कार्बोनेटरूपाने बांधले जाते. पूर्वी भट्टीत शिंपा भाजून चुना करीत, तेव्हा हा बांधलेला कार्बन डायऑक्साइड जसा सुटून जाई, तसाच तो ज्वालामुखी प्रदेशांच्या खाली सुटतो. या नियमनाला एकेका फेऱ्यासाठी लक्षावधी वर्षे लागतात, म्हणून माणसाने अल्पावधीत हवेत सोडलेल्या वायूवर ते उपाय ठरत नाही.

मात्र पट्ट्याच्या बाहेरच्या कडेशी पाणी द्रवरूप राहण्यासाठी हवेत कित्येक बार (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) दाबाचा कार्बन डायऑक्साइड लागतो. आज आपल्या हवेत तो सु. ०.०४ टक्के आहे आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी ०.५ टक्के ही मर्यादा सामान्यतः पाळली जाते. एडवर्ड श्वीटरमन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, कडेशी लागणारा इतका कार्बन डायऑक्साइड प्राण्यांना घातक ठरतो हे दाखवून दिल्यावर, गुंतागुंतीच्या प्राण्यांना उपयोगी असा पट्टा पाण्याच्या पट्ट्याहून बराच लहान असल्याचे स्पष्ट झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागतो.

ऑक्सिजन व लोहाश्मांचा पुरावा : पृथ्वीच्या हवेत सु. २१ टक्के ऑक्सिजन असून तो जवळजवळ सर्वच प्रकाशसंश्लेषणातून आलेला आहे. हवेत तो प्रथम टिकू लागला तो सु. २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी. जेम्स फार्क्वार व सहकाऱ्यांनी २००० साली प्राचीन खडकांतील गंधकाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) या कालमर्यादेला बळकट आधार दिला. त्यानंतरही दीर्घ काळ ऑक्सिजनचे प्रमाण आजच्या मानाने कमीच होते व ते माणसाला पुरेल इतके होण्याची घटना गेल्या ६० कोटी वर्षांच्या आतबाहेरची असावी.

याआधीच्या काळाचे साक्षीदार म्हणजे पट्टित लोहाश्म. गोव्यात ते धारवाड महासंघ या अतिप्राचीन खडकांच्या मोठ्या गटातील डिचोली शैलसमूहात आढळतात. डिचोली, सत्तरी व सांगे या भागांतील खाणींचे खनिज त्यांच्यापासूनच बनले आहे. जहाजांवर चढणारे भुसभुशीत खनिज हे नंतरच्या झिजेने सिलिका निघून जाऊन समृद्ध झालेले रूप होय. न झिजलेल्या खडकाच्या ताज्या फुटीवर करड्या-तांबूस हेमॅटाइटाचे अथवा काळपट मॅग्नेटाइटाचे आणि फिकट गारेचे (क्वार्ट्‌झचे), काही मिलिमीटर जाडीचे, आळीपाळीने बसलेले पट्टे दिसतात. हे थर सामान्यतः आर्कियन महाकल्पाच्या (सु. ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळाच्या) उत्तरार्धातील मानले जातात. म्हणजेच हवेत मुक्त ऑक्सिजन टिकण्यापूर्वीच येथील समुद्रातले विरघळलेले लोह ऑक्सिडीभूत होऊन तळाशी बसले होते.

हे कसे घडले याबद्दल मतभेद आहेत. प्रेस्टन क्लाउड यांच्या मते सायनोबॅक्टेरियांनी (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी) सोडलेला ऑक्सिजन समुद्रातील लोहानेच शोषून घेतला व त्यामुळे तो हवेपर्यंत पोचला नाही. केर्न्स-स्मिथ यांनी १९७८ मध्ये जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी लोहाचे थेट ऑक्सिडीभवन झाल्याची शक्यता मांडली. परंतु कोनहाउझर व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगांत, प्राचीन समुद्रासारखी सिलिका व लोह असलेल्या पाण्यात ही क्रिया नगण्य ठरली. फ्रीड्रिश विडेल व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये, ऑक्सिजन न सोडता प्रकाशाच्या साहाय्याने लोहाचे ऑक्सिडीभवन करणारे जीवाणू आजही अस्तित्वात असल्याचे दाखवले. गोव्यातल्यासारख्या जुन्या थरांसाठी हा तिसरा मार्ग, क्लाउड यांच्या मार्गाच्या जोडीने, अधिक ग्राह्य वाटतो. कोणताही जैव मार्ग मान्य केला तरी डिचोलीचे लोह जीवसृष्टीच्या हातून बसले आणि श्वासयोग्य हवा मात्र त्यानंतर दोनशे कोटी वर्षांच्या आसपास आली, एवढे अंतर उरतेच.

शरीराच्या मर्यादा : पेरूमधील ला रिंकोनादा हे सु. ५,१०० मी. उंचीवरचे गाव कायमच्या मानवी वस्तीची वरची सीमा मानतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. सु. ६३ हेक्टोपास्कल (समुद्रसपाटीला दाब सु. १,०१३ हेक्टोपास्कल असतो) दाबाला पाणी शरीराच्या तापमानालाच उकळते, आणि मंगळावरील दाब तर सरासरी ६ हेक्टोपास्कलच्या आसपास आहे. उष्णतेची मर्यादा केवळ तापमानाने नव्हे, तर दमटपणासह मोजावी लागते. मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्यावर घाम वाळत नाही तेव्हा होणारी काहिली याच कारणाची सौम्य बाजू होय. ओल्या फुग्याच्या तापमापकावर (फुगा ओल्या कापडात गुंडाळल्यामुळे दमटपणाही मोजणाऱ्या तापमापकावर) ३५ °से. ही सैद्धांतिक मर्यादा शेरवुड व ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडली. नंतरच्या प्रयोगांत निरोगी तरुणांतही ती याहून काही अंशांनी कमी आढळली. गुरुत्वाकर्षणाची वरची मर्यादा स्टीफन डोल यांनी १९६४ मध्ये पृथ्वीच्या दीडपट धरली होती. वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांतील खनिज महिन्याला सु. एक टक्का कमी होते.

या संदर्भात अंटार्क्टिकाचे उदाहरण बोधक आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरमध्ये गोव्यातूनच निघाली आणि आज तेथील मैत्री व भारती या केंद्रांचे व्यवस्थापन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. या केंद्रांना अन्न, इंधन, कपडे, औषधे सारे जहाजाने पोचवावे लागते; हवा मात्र न्यावी लागत नाही. मंगळावरील वस्तीची तुलना अंटार्क्टिकाशी केली जाते तेव्हा नेमका हाच भेद नजरेआड होतो.

इतर घटक : ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र वातावरणाचे रक्षण करते असे मानण्याचा प्रघात आहे, तथापि शुक्राला स्वतःचे असे क्षेत्र नसूनही त्याचे वातावरण पृथ्वीच्या सु. ९० पट दाबाचे आहे, म्हणून हा घटक आवश्यकच आहे असे म्हणता येत नाही. ग्रहाचे वस्तुमान फार कमी असल्यास वायू निसटतात व अंतर्भाग लवकर थंड होतो.

सौरमालेबाहेरील ग्रह : सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या वसतियोग्य पट्ट्यात एक ग्रह २०१६ मध्ये सापडला. तो तारा सु. ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रॉक्झिमासारख्या लाल बटू (लहान व मंद) ताऱ्यांवरील उद्रेक अशा ग्रहांचे वातावरण टिकू देतात की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. ट्रॅपिस्ट-१ या अशाच ताऱ्याच्या सात ग्रहांपैकी सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसले नाही. अशा ताऱ्यांभोवती समुद्राचे पाणी विघटित होऊन हायड्रोजन निसटल्यास जीवसृष्टीविनाही ऑक्सिजन साठू शकतो, असे लुगर व बार्न्स यांनी २०१५ मध्ये दाखवले. त्यामुळे नुसत्या ऑक्सिजनाचा शोध जीवसृष्टीचा पुरावा मानला जात नाही व त्याच्या जोडीला मिथेनसारखा, ऑक्सिजनच्या सान्निध्यात फार काळ न टिकणारा वायूही आढळावा लागतो.