सर्व्हरची मुदत वेगळी, रीडरची मुदत वेगळी

न्यूजग्रुप म्हणजे इंटरनेटवरचे विषयवार चर्चेचे गट, आणि त्यांचे संदेश सर्व्हरवरून उतरवून जोडणीशिवाय वाचू देणारा प्रोग्राम म्हणजे ऑफलाइन न्यूजग्रुप रीडर. त्याच्या सेटिंगमध्ये 'इतक्या दिवसांनी संदेश काढून टाका' असा पर्याय असतो. तिथला आकडा वाढवला की संदेश तेवढे दिवस मिळत राहतील, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. मुदती दोन आहेत आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो.

पहिली मुदत सर्व्हरची, आणि ती सर्व्हर चालवणारा ठरवतो. आयएनएन (इंटरनेटन्यूज) या प्रसिद्ध न्यूज सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक फाइल असते. तिच्यात ग्रुपनुसार तीन आकडे लिहायचे: कमीत कमी किती दिवस, एरवी किती आणि जास्तीत जास्त किती. पाठवणाऱ्याने संदेशात 'एक्स्पायर्स' हेडर (संदेश कधी काढायचा ते सांगणारी ओळ) घातला असेल तर तो मानला जातो, पण पहिल्या नि तिसऱ्या आकड्याच्या मर्यादेतच. दिवस मोजले जातात ते संदेश सर्व्हरवर पोहोचल्यापासून. काही ठिकाणी तर दिवसांचा प्रश्नच नसतो. नेमून दिलेली जागा भरली की सर्वांत जुन्या संदेशावर नवा लिहिला जातो.

दुसरी मुदत तुमच्या मशीनवरची. थंडरबर्ड या मेल आणि न्यूजग्रुप वाचायच्या प्रोग्राममध्ये दिवस सांगता येतात किंवा 'अलीकडचे एवढेच ठेवा' असं म्हणता येतं, आणि तारा (चांदणीची खूण) लावलेले संदेश वगळता येतात.

खरा घोटाळा होतो तो हेडर (विषय, नाव अशी वरची माहिती) आणि बॉडी (प्रत्यक्ष मजकूर) यांच्यामुळे. समजा, तुम्ही फक्त हेडर उतरवलेत, यादी ऑफलाइन चाळलीत आणि हव्या त्या संदेशांवर खूण केलीत. पुढच्या वेळी जोडणी केल्यावर सर्व्हर ४२३ हा कोड देतो: या क्रमांकाचा संदेश नाही. यादीत विषय दिसतोय, नाव दिसतंय, मजकूर मात्र गेला. इथे रीडरची मुदत वर्षभराची असली तरी उपयोग शून्य. म्हणून महत्त्वाच्या ग्रुपसाठी बॉडीसकट डाउनलोड लावून ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. बॉडी एकदा उतरली की सर्व्हरने ती काढली तरी तुमची प्रत शाबूत राहते. पण मग रीडरने ती साफ केली तर पुन्हा आणायला त्या सर्व्हरवर काही उरलेलं नसतं. सर्व्हरवर संदेश अजून असला, तरी तो आपोआप परत येत नाही, कारण रीडर शेवटचा उतरवलेला क्रमांक लक्षात ठेवून त्यापुढचेच संदेश मागतो. जुने हवे असतील तर त्या ग्रुपचे हेडर मुद्दाम नव्याने मागवावे लागतात.

डिस्कवरची जागा वाचवायला रीडरची मुदत कमी करत असाल, तर आधी जपायच्या संदेशांना तारा लावा. थंडरबर्डमध्ये नुसतं काढून टाकल्याने फाइल लहान होत नाही. त्यानंतर फोल्डर कॉम्पॅक्ट करावा लागतो, म्हणजे काढलेल्या संदेशांची जागा मोकळी करावी लागते.