जबडेदुखी
जबड्याच्या हाडात, सांध्यात, स्नायूंत किंवा दातांच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेला जबडेदुखी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नाही. हे लक्षण आहे, आणि फसवे आहे. दात, हिरड्या, सायनस आणि जबड्याचा सांधा यांच्या वेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या फांद्यांतून मेंदूकडे जातात. त्यामुळे खालची दाढ किडलेली असते आणि रुग्ण कान दाखवायला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सर्वाधिक आढळणारे कारण दातांचेच. कीड, मुळाशी झालेले गळू, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ. यावर दात भरणे, रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे हाच उपाय. नुसत्या वेदनाशामकाने दुखणे दबते, गळू जात नाही.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की जबड्याचा सांधा हलताना जाणवतो. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. मध्ये कूर्चेसारखी चकती असते. चकती जागची सरकली की ‘कट्’ असा आवाज येतो. केवळ आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचार लागत नाहीत. एरवी तोंड साधारण तीन बोटे, म्हणजे 40 ते 50 मिलिमीटर उघडते. ते कमी झाले तर तपासणी करावी. झोपेत दात खाण्याची सवय आणि मानसिक ताण यांनी चावण्याचे स्नायू आखडतात व सकाळी जबडा जड वाटतो.

अमेरिकी कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 1934 मध्ये या तक्रारींचे खापर मागचे दात पडल्यामुळे बिघडलेल्या चाव्यावर, म्हणजे वरखालचे दात जुळण्यावर, फोडले. ती उपपत्ती पुढे टिकली नाही, पण दात यंत्राने झिजवून चावा ‘जुळवण्याची’ प्रथा बराच काळ चालली. झिजवलेला दात परत येत नाही, म्हणून सांध्याच्या दुखण्यावर असा उपचार आता सहसा सुचवत नाहीत. मऊ अन्न, गरम शेक, मोठी जांभई टाळणे, ओठ मिटलेले असतानाही दात एकमेकांना न लावणे, थोडे दिवस वेदनाशामक औषध आणि जबड्याचे व्यायाम यांनी बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. दात खाणाऱ्यांना रात्री बसवायची पट्टी देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

विजेच्या झटक्यासारखी, क्षणभराची कळ ट्रायजेमिनल मज्जातंतूची असते. तिच्यावर कार्बामाझेपिन हे औषध देतात. जेवताना गाल फुगून दुखला तर लाळग्रंथीतील खड्याची शंका घ्यावी. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येणे, सोबत नवी डोकेदुखी व अंधुक दिसणे ही कानशिलाजवळच्या रोहिणीच्या (धमनीच्या) दाहाची खूण असू शकते. स्टेरॉइडला उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे सुरुवातीचे लक्षण असू शकते.

श्रमाने वाढणारी, विश्रांतीने थांबणारी जबडेदुखी हृदयाची असू शकते. घाम, धाप किंवा मळमळ सोबत असेल, तर छातीत दुखत नसले तरी दंतवैद्याकडे न जाता तातडीने रुग्णालय गाठावे.