अंबरली उपासना

'फॉरगॉटन रेल्म्स' या काल्पनिक विश्वात समुद्राची देवी अंबरली हिचा कोप टळावा म्हणून खलाशी, व्यापारी आणि चाचे जे विधी करतात, ते या नावाने ओळखता येतील. हे विश्व कॅनडाचे लेखक एड ग्रीनवुड यांचे. १९८७ पासून ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवत खेळायच्या खेळासाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध होऊ लागले. अंबरली मात्र १९८१ सालीच, त्यांच्या देवदेवतांवरील एका लेखात अवतरली होती.

या उपासनेत प्रेमाला जवळजवळ जागा नाही. अंबरली लोभी, लहरी आणि निर्दय. वादळांचा देव टॅलोस ज्यांचा म्होरक्या आहे, त्या संतापी देवतांमध्ये तिची गणना होते. खलाशी आपसांत तिला चक्क शिवीच्या नावाने ओळखतात आणि जहाजावर पाय ठेवण्याआधी तिलाच रत्ने वाहतात. कुठल्याही राजाचा कायदा न जुमानणारा चाचाही याला अपवाद नाही, कारण बुडणाऱ्या जहाजावर लूट कुणाची हा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच हे दैवत मला फार खरे वाटते. तिचे पुजारी याच भीतीवर जगतात. पुजारी जहाजावर असेल तर देवी ते बुडवणार नाही, या समजुतीने त्याला पैसे मोजून सफरीवर नेतात. तो एक प्रकारे पवित्र ओलीसच असतो.

'स्टॉर्मकॉल' ही सामूहिक प्रार्थना वादळ ओढवण्यासाठी किंवा येऊ घातलेले परतवण्यासाठी असते. पाण्याच्या कुंडाभोवती भाविक जमतात. फळकुटांवर नैवेद्य आणि पेटत्या मेणबत्त्या तरंगत असतात. देवी प्रसन्न झाली की फळकुटे खाली ओढली जातात आणि ज्योती न विझता खोल पाण्यात उतरत जातात.

'फर्स्ट टाइड' हा विधी बंदरातला बर्फ फुटू लागताच होतो. पिंजऱ्यातला प्राणी वाद्यांच्या गजरात गावभर मिरवतात, मग दगडाला बांधून समुद्रात लोटतात. बहुतेक प्राणी गारठून मरतात. एखादा जिवंत काठाला लागलाच, तर तो मरेपर्यंत पवित्र मानला जातो. प्राण्याच्या जागी माणूसही स्वतःहून उभा राहू शकतो.

खलाशांचा स्वतःचा देव वाल्कर हा अंबरलीचा वैरी. त्याला आळवणारे तिचे दानही चुकवत नाहीत.

पाण्याखाली राहणाऱ्यांची श्रद्धा वेगळी आहे. सहुआगिन हे क्रूर मत्स्यमानव सेकोला या शार्करूपी देवाला भजतात आणि त्यांचे पौरोहित्य स्त्रियांकडे असते. मत्स्यकन्या-मत्स्यपुरुषांचा देव एआड्रो. समुद्री एल्फ ही मानवसदृश जमात डीप सशेलस या देवाला मानते. त्याचे चिन्ह डॉल्फिन.