ग्लासातल्या थुंकीवरून यीस्ट कळत नाही

सकाळी उठल्यावर पाण्याच्या ग्लासात थुंकायचं. तार खाली लोंबली की पोटात कॅन्डिडा (यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी) वाढलाय, म्हणूनच डोकं जड आणि मन उदास, हा सल्ला अजून फिरतोय. ती तार लाळेतल्या म्युसिन या चिकट प्रथिनाची असते. रात्री तोंड कोरडं पडलं की लाळ दाटते आणि बुडते, एवढंच.

कॅन्डिडा कित्येक निरोगी माणसांच्या आतड्यात असतोच. शौचाच्या तपासणीत सापडला म्हणून आजार ठरत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ४२ स्त्रियांना निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) आलटूनपालटून दिलं. योनिमार्गाच्या तक्रारी घटल्या. मानसिक लक्षणांत मात्र औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

खरा अपवाद ऑटो-ब्रुअरी सिंड्रोमचा. त्यात यीस्ट भात-साखरेपासून अल्कोहोल बनवतं आणि न पिता झिंग येते. हा फार दुर्मीळ; निदानासाठी ग्लुकोज पाजून पुढचे काही तास रक्तातलं अल्कोहोल मोजतात.

डोकं चालेनासं झालं तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि रक्तातली साखर तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध मनाने घेऊ नका: यकृताला त्रास होऊ शकतो, आणि उदासीवर इसायटालोप्राम चालू असेल तर हृदयाची लय बिघडू शकते.