मानेतली गाठ: तोंडाच्या कर्करोगात आकाराला महत्त्व कसे आले

डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहतात आणि जबड्याखालून बोटे फिरवत मान चाचपतात. जीभ, गाल किंवा हिरडीचा कर्करोग पसरू लागला की तो बहुधा आधी इथल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) उतरतो. स्कॅन नव्हते तेव्हा हे कळायला बोटांशिवाय दुसरे फारसे काही नव्हते. मोठी गाठ म्हणजे मोठा धोका, हा हिशेब तिथून रुजला.

१९०६ साली क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. एकेक गाठ वेचण्याऐवजी मानेच्या एका बाजूच्या साऱ्या ग्रंथी, सोबतचा स्नायू आणि मोठी शीर यांच्यासकट एकसंध काढायच्या, ही त्यांची पद्धत. न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये ती आणखी पक्की केली. खांद्याची नसही जात असल्याने रुग्णाला हात वर उचलणे अवघड होई. पुढे अर्जेंटिनाच्या ओस्वाल्डो सुआरेझ यांनी दाखवले की ग्रंथी पडद्यांच्या कप्प्यांत असतात, त्यामुळे नस, शीर आणि स्नायू राखूनही त्या काढता येतात.

दरम्यान फ्रान्सचे पिएर देनुआ यांनी १९४०च्या दशकात टीएनएम, म्हणजे कर्करोग किती पसरला आहे ते गटांत मांडणाऱ्या वर्गीकरणाची मांडणी सुरू केली. त्यातले ‘एन’ म्हणजे ग्रंथी. तोंडाच्या कर्करोगासाठी त्यात ३ आणि ६ सेंटिमीटर या सीमारेषा स्थिरावल्या. गाठी किती आणि मानेच्या कोणत्या बाजूला, हेही त्यात धरले जाते, पण मनात ठसतो तो सेंटिमीटरचाच आकडा.

सीटी आणि एमआरआय आल्यावर मोजमाप मिलिमीटरवर आले. १९९० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींशी स्कॅन ताडून पाहिले आणि आडव्या छेदातील सर्वांत कमी व्यास १० मिलिमीटर, तर जबड्याच्या कोनाखालच्या भागात ११ मिलिमीटर, अशी मर्यादा सुचवली. गाठीचा गोल आकार आणि आतला मृत भाग हीदेखील संशयाची खूण ठरली.

तरीही आकार फसवतोच. तोंडातील जखमेचा किंवा किडलेल्या दातांचा संसर्ग ग्रंथीला सुजवतो, ती हाताला मोठी लागते आणि आत कर्करोग नसतो. उलट, नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीत दोन-तीन मिलिमीटरची पेशींची वस्ती लपलेली असते आणि स्कॅनला ती दिसत नाही. मर्यादा खाली आणली तर खोटा इशारा वाढतो, वर नेली तर आजार निसटतो. आकाराच्या कोणत्याही आकड्याने हा पेच सुटलेला नाही, आणि मला तरी इतिहासातली हीच सर्वांत महत्त्वाची बाब वाटते.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या अभ्यासाचे मोल मोठे. मानेत गाठ जाणवत नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांच्या ग्रंथी लगेच काढायच्या की वाट पाहायची, हा जुना वाद होता. २०१५ मध्ये निकाल आला: लगेच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. लहान किंवा न जाणवणारी ग्रंथी म्हणजे निरोगी ग्रंथी नव्हे, हे त्यातून आकड्यांत उतरले.

त्याच सुमारास गाठीच्या आवरणाकडे लक्ष वळले. कर्करोग ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आला की पुन्हा उद्भवण्याची भीती बरीच वाढते. २०१८पासून सर्वत्र वापरात आलेल्या टीएनएमच्या आठव्या आवृत्तीत हा निकष थेट घेतला गेला. तपासणीतच असा फैलाव उघड दिसत असेल, तर गाठ लहान असली तरी ती एन ३ या सर्वांत गंभीर गटात जाते.