दरडग्रस्त व पूरग्रस्त कुटुंबांचे पुनर्वसन: सातारा-सांगलीतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि नव्या घरापर्यंतची प्रक्रिया

दरडीखाली किंवा पुराच्या पाण्यात घर गेलेल्या कुटुंबाने नव्या घरासाठी नेमका कोणता अर्ज भरायचा, हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर तहसील कार्यालयाच्या आवारात ऐकू येतो. असा एकच छापील अर्ज नाही. घराच्या नुकसानीची मदत हे एक प्रकरण असते आणि गावाचे किंवा वाडीचे पुनर्वसन हे दुसरे. पहिले कुटुंबाच्या नावाने चालते, दुसरे जवळजवळ नेहमीच सामूहिक असते. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि वाई तालुक्यातील देवरुखवाडी येथे दरडी कोसळल्या, त्याच सुमारास कृष्णा-वारणेच्या पुराने सांगली जिल्ह्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. या दोन प्रकारच्या आपत्तींत पहिले प्रकरण सारखेच चालते, दुसरे मात्र बरेच वेगळे असते.

कोयना खोऱ्यातील वाचकांसाठी येथेच एक खुलासा केला पाहिजे. या भागात धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त असे दोन्ही दाखले घराघरांत असल्यामुळे दरडग्रस्तांनाही प्रकल्पग्रस्तांचेच नियम लागू होतात असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रकल्पग्रस्तांसाठी 1999 चा स्वतंत्र पुनर्वसन अधिनियम आहे. नैसर्गिक आपत्तीतील मदतकार्य 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत चालते. जुना दाखला जोडल्याने या प्रकरणात काही साधत नाही.

पंचनामा

पुढचे सर्व काही ज्या कागदावर उभे राहते तो पंचनामा. ग्राम महसूल अधिकारी (गावात अजूनही तलाठीच म्हणतात) आणि ग्रामपंचायत अधिकारी जागेवर येऊन तो करतात, आणि घर राहण्यायोग्य आहे की नाही याबाबत अभियंत्याचा अभिप्राय घेतला जातो. पंचनाम्यात घर पक्के, कच्चे की झोपडी, आणि पडझड पूर्ण की अंशतः, हे दोन शब्द काय पडतात यावर मदतीची रक्कम ठरते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या कालावधीच्या निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या घरास सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये, तर किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास 6,500 आणि कच्च्या घरास 4,000 रुपये आहेत. झोपडीस 8,000 आणि घराला लागून असलेल्या गोठ्यास 3,000 रुपये मिळतात. राज्य शासन एखाद्या आपत्तीसाठी वाढीव दरही जाहीर करते. 2021 मध्ये पूर्ण पडलेल्या घरास 1,50,000 रुपये, आणि त्याखाली पडझडीच्या टक्केवारीनुसार 50,000, 25,000 व 15,000 असे टप्पे होते. अशा वेळी 45 आणि 50 टक्के यांतला फरक 25,000 रुपयांचा ठरतो. म्हणून टक्केवारी वाचून पाहिल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये, प्रत मागून घ्यावी आणि मलबा हलवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

पाटण, जावळी भागातील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईत माथाडी कामाला असतात आणि पावसाळ्यात घराला कुलूप असते. बंद घराचा पंचनामा होत नाही असे नाही. परंतु कोणी दाखवायला नसेल तर ते घर यादीतून राहून जाते. गावातील भावकीपैकी एकाला लेखी अधिकारपत्र आणि घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स देऊन ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

कागदपत्रे

आधार कार्ड, रेशनकार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक आणि रहिवासी दाखला हे कागद बहुतेकांकडे असतात. पुरात भिजले असतील तर दुय्यम प्रती मिळतात. खरी अडचण घराच्या मालकीची असते. सातबाऱ्यासोबत मिळणारा आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा आहे, तर घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा नमुना नंबर 8. आकड्यातील सारखेपणामुळे लोक पहिला उतारा घेऊन येतात आणि एक फेरी वाया जाते. गावठाणाची नगर भूमापन मोजणी किंवा स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) जोडावी. नुकसान झालेले घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे अशी निकषांतील अट असल्यामुळे गावठाणाबाहेर, नोंदीविना बांधलेल्या घरांची प्रकरणे अडकतात.

नमुना 8 वर आजोबांचे नाव, आजोबा वारलेले, आणि त्या एकाच घर क्रमांकाच्या छपराखाली तीन भावांच्या तीन चुली, हे चित्र दोन्ही जिल्ह्यांत सर्रास दिसते. अशा वेळी मृत्यूचा दाखला देऊन वारस नोंद करून घ्यावी. वेगळ्या चुलीचा पुरावा म्हणून स्वतंत्र रेशनकार्ड आणि स्वतंत्र वीजबिल उपयोगी पडते. मात्र आपत्तीनंतर घाईने फोडलेल्या रेशनकार्डाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते अगदीच गैर आहे असेही म्हणता येत नाही.

गाव हलवायचे असेल तर

स्थलांतराची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने आणि कुटुंबप्रमुखांच्या लेखी संमतीपत्रांनी होणे हिताचे असते. अर्धी वाडी तयार आणि अर्धी नाराज असेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. संमतीपत्रात ‘जुन्या जागी पुन्हा राहणार नाही’ एवढेच लिहून घेतले आहे, की त्या जागेवरील हक्कही सोडायला लावला आहे, हे प्रत्येकाने नीट वाचावे, कारण शेती बहुधा जुन्या जागेजवळच राहते.

डोंगर उतारावरील वस्तीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अभिप्राय महत्त्वाचा असतो आणि तो जुन्या जागेइतकाच नव्या जागेबाबतही घेतला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गाडले गेले. नवे गाव आमडे येथे वसवले गेले आणि तेथेही 2017 च्या पावसात रस्ते खचल्याचे, भेगा पडल्याचे दिसले. उतार कापून केलेल्या सपाटीवरील भराव दोन-तीन पावसाळे बसू न देता बांधकाम केले की असे होते. नदीकाठच्या गावांसाठी पाटबंधारे विभागाच्या पूररेषा पाहाव्यात: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकामास मनाई असते. भिलवडी, ब्रह्मनाळ परिसरात 2019 ला पाणी कोठवर आले हे म्हाताऱ्या माणसांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ती खूण ठरावात लिहून द्यावी.

जागा शासकीय किंवा गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने मिळते. वनजमीन असेल तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्र शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि पाटणसारख्या तालुक्यात बहुतेक प्रस्ताव येथेच थांबतात. खासगी जमीन खरेदी करणे महाग वाटले तरी वेळेच्या हिशेबाने अनेकदा तीच स्वस्त पडते.

घर कसे असावे, यावर म्हणणे मांडण्याची वेळ आराखडा मंजूर होण्यापूर्वीची असते. घरकुल योजनेतील किमान क्षेत्र स्वयंपाकघरासह 25 चौरस मीटर आहे. त्यात माणसे मावतात, पण म्हैस, वैरण आणि भाताची पोती मावत नाहीत. गोठ्याची जागा आराखड्यात नसेल तर लोक दुसऱ्याच वर्षी घराला पत्र्याची पडवी ओढतात आणि गटारावर गोठा बांधतात. कोयना परिसर 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा असल्यामुळे जोते, दरवाजावरची पातळी आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे, तसेच कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यातच. नवजा, महाबळेश्वराकडच्या पावसात सपाट स्लॅब गळतो; उतरते छप्पर, रुंद वळचण आणि स्थानिक जांभा किंवा काळा दगड अधिक टिकतो, घरही थंड राहते. सांगलीच्या काळ्या मातीत मात्र पायाच महत्त्वाचा, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया उचलते.

यादीत नाव नसल्यास तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. त्यानंतर प्रांताधिकारी, आणि तरीही काही न झाल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारचा, जिल्हाधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडण्याचा जिल्हा लोकशाही दिन आहे. प्रस्ताव कोठे अडला आहे हे माहिती अधिकाराच्या अर्जाने कळते. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

ताबा घेताना भूखंड क्रमांक, मोजणीच्या हद्दीचे दगड आणि आदेशातील क्षेत्र जुळते का ते पाहावे, आणि पती-पत्नी दोघांची नावे लावून घ्यावीत. असा भूखंड सर्वसाधारणपणे भोगवटादार वर्ग 2 म्हणून मिळतो, त्यामुळे परवानगीविना विकता येत नाही. शेवटची फेरी ग्रामपंचायतीत करावी लागते, ती नव्या घराची नोंद नमुना 8 वर घालण्यासाठी.